बर्फातलं डोहाळजेवण

डोहाळे कशाचेही लागतात, एवढं विद्युल्लतेला मान्य होतं. प्रसन्नच्या वेळी तिला स्वतःला भाजक्या मातीचे लागले होते, आणि तेव्हाच्या अबुधाबीत आत्मारामने कुठूनसं एक कोरं मडकं आणून निमूटपणे फोडून दिलं होतं. पण सुनेने बर्फ मागावा, तोही फ्रीजमधला नको, पडलेला हवा म्हणावं, हे तिच्या मते जरा अतीच होतं.

आधी कुणी मनावर घेतलं नाही. मग आत्मारामने घेतलं. आयुष्यभर कोल्डरूम बांधणाऱ्या माणसाच्या सुनेला बर्फ मिळू नये म्हणजे काय, असं म्हणून त्याने अबुधाबीजवळच्या मुसफ्फातल्या एका मासळीवाल्याच्या शीतगृहातून भुसभुशीत बर्फाचा थर्मास भरला आणि तो घेऊन थेट दुबई मरीनातल्या मुलाचा फ्लॅट गाठला. अंतराने झाकण उघडलं, एकदा हुंगलं आणि बेसिनकडे धावली. बर्फाला सुरमईचा वास होता. मालवणच्या माणसाला तो वास वाटत नाही, हा काय त्याचा दोष?

प्रकरण इथेच हसण्यावारी गेलं असतं. पण सातवा लागला आणि अंतराचे वडील वासुदेवराव तिला न्यायला येऊन थडकले. पत्र नाही, फोन नाही. दोन तिकिटं मात्र खिशात होती.

"पहिलं बाळंतपण माहेरी," ते अबुधाबीच्या घरात सोफ्याच्या टोकाला बसून म्हणाले. "हे मी सांगायला पायजे का, विहीणबाई?"

नको होतंच सांगायला. लग्नात रीत, रीत म्हणून विद्युल्लतेनेच या माणसाला चार दिवस नाचवलं होतं. विहिणीची पंगत काय, सूनमुख काय, एकही बाब सोडली नव्हती. आता तीच रीत उलटून दारात उभी राहिली होती, आणि हिला तोंड उघडायला जागा नव्हती.

पण माहेर कुठे, तर गढवालच्या डोंगरात. वासुदेवराव मूळचे साताऱ्याकडचे, फौजेत स्की शिकवायचे, आणि नोकरी सोडल्यावर तिथेच राहिले. रूपधार नावाच्या गावाजवळ त्यांनी स्वतःचा स्की रिसॉर्ट उभा केला होता. सहा वर्षांपूर्वी प्रसन्न मित्रांबरोबर तिथे गेला, पहिल्याच सकाळी दोनदा आपटला, आणि दुसऱ्यांदा ज्या मुलीने त्याला दंडाला धरून उठवलं तिच्याशी लग्न करून मोकळा झाला. तेव्हा विद्युल्लतेला बर्फाचं कौतुक वाटलं होतं. आता मार्चमध्ये त्याच बर्फात सुनेला बाळंत व्हायला पाठवायचं, हे तिला पटेना.

म्हणून तिने डोकं लढवलं. दुबईत मागच्याच महिन्यात बंद छपराखाली बर्फाचा डोंगर उघडला होता. सगळं शहर त्याच्याबद्दल बोलत होतं. नावेतलं डोहाळजेवण असतं, चांदण्यातलं असतं, बागेतलं असतं. मग बर्फातलं का नसावं? डोहाळे इथेच फिटले, की पोरगी कशाला जायचं नाव काढते?

"आणि डोहाळे पुरवले नाहीत तर मुलाची लाळ गळते," ती फोनवर प्रसन्नला म्हणाली. "शुक्रवारी सकाळी सगळे जाऊ. तुझ्या सासऱ्यांनाही घेऊन."

"आई, मी काय म्हणतो..."

"तू काहीच म्हणत नाहीस, तोच तर त्रास आहे."

प्रसन्नचं खरंच तसं होतं. बायकोसमोर तो माहेरी जा म्हणे, आईसमोर इथेच बरं म्हणे, आणि दोघी एकत्र असल्या की त्याला ऑफिसचे कॉल येत.

*

डोंगर आत्मारामला आवडणार नाही, अशी सगळ्यांची खात्री होती. दारातच त्याची कुरकुर सुरू झाली. कपडे भाड्याने, बूट भाड्याने, पण हातमोजे विकत. "दहा दिरहम. म्हणजे एकशेवीस रुपये. आणि जाताना परत घेणार नाहीत."

"अहो, यल्ला, चला आता," विद्युल्लता म्हणाली. ती निळ्या भाडोत्री जॅकेटात मावत नव्हती आणि त्यावरून कुणी काही बोलायची हिंमतही करत नव्हतं. काउंटरवरच्या मुलीने अंतराच्या पोटाकडे पाहून सांगितलं होतं, खालच्या बागेत सावकाश चाला, उताराकडे जायचं नाही. अंतराच्या हिरव्या साडीवर प्रसन्नचं जॅकेट होतं आणि दंडाला, मनगटाला, केसांत मोगऱ्याच्या कळ्यांचे दागिने.

दोन दारं ओलांडून आत गेल्याबरोबर आत्माराम गप्प झाला. थंडीचं त्याला नवल नव्हतं. उणे अठरात तो बनियनवर उभा राहिलेला माणूस. पण त्याच्या थंडीला नेहमी भिंती जवळ असायच्या, अंधार असायचा, पेट्या असायच्या. इथे थंडी वर चढत गेली होती, एका पांढऱ्या उतारावरून, आणि टोकाला वळून दिसेनाशी झाली होती. डोक्यावरून तारेला टांगलेल्या खुर्च्या झुलत वर चालल्या होत्या. त्याने आधी भिंतीवर हात ठेवला, मग पायाखाली बूट आपटला.

"खाली गरम पाइप असणार," तो म्हणाला.

"बर्फाखाली गरम?" विद्युल्लतेने विचारलं.

"नाहीतर जमीन गोठते. गोठली की फुगते, आणि फुगली की फरशी फोडून वर येते. आपल्या पहिल्या कोल्डरूमला काय झालं होतं, विसरलीस? थंडी टिकवायची तर तळाला ऊब ठेवावी लागते."

वासुदेवरावांनी हे ऐकलं आणि पहिल्यांदाच व्याह्यांकडे नीट वळून पाहिलं. मग ते वाकले, हातमोजा काढून मूठभर बर्फ उचलला, दाबला, मूठ उघडून पाहिली.

"कसा आहे?" आत्मारामने विचारलं.

"मशीनचा. दाणा बारीक, जरा जड. पण पोरं शिकवायला झकास." त्यांनी वर छताकडे बोट केलं. "रात्री माणसं गेली की अजून थंड करत्यात, आणि वरनं पाण्याचा फवारा मारत्यात. पाण्याचा कण खाली येईस्तोवर त्याचा बर्फ झाला पायजे. हवा कोरडी असली तर होतो."

"आणि तुमच्याकडे?"

"आमच्याकडे देव मारतो फवारा. त्याला मूड आला तर."

आत्माराम हसला. विद्युल्लतेने ते पाहिलं आणि तिला ते अजिबात आवडलं नाही. आपला माणूस तिला ओळखता येत होता. एकदा यंत्राबद्दल बोलायला लागला की तो शत्रूलाही चहा पाजील.

झालंही तसंच. ती अंतराला बाकावर बसवून ओटीचं सामान काढत होती, तेवढ्यात हे दोघे कठड्याला टेकून उभे राहिले, आणि आत्मारामचे प्रश्न सुरू झाले. उतारावर माणसं नेणारी पहिली लिफ्ट कधी टाकली? मोटर केवढी? खुर्च्या कुठून आणल्या?

"लिफ्ट कुठली," वासुदेवराव म्हणाले. "पहिल्या वर्षी दोर होता नुसता. मोडक्या जीपचं इंजिन वर नेऊन ठेवलं, चाकाला दोर गुंडाळला. गिऱ्हाइकानं दोर धरायचा न वर ओढलं जायचं. हातमोजे फाटायचे लोकांचे. उतारावरचा बर्फ दाबायला मशीन नव्हतं, तर गावातली सगळी माणसं स्की घालून एका रांगेत आडवी चालायची. मळणीला बैल फिरत्यात तसं. खुर्च्या फार पुढं आल्या. ऑस्ट्रियात एका गावानं जुनी लिफ्ट काढून टाकली होती, ती सुटी करून आणली. जहूर म्हणून माझा मेकॅनिक हाय, काश्मीरचा. त्यानं दोन उन्हाळे घालवले ती जोडायला. एक खुर्ची अजून उलटीच बसलीय."

"उतार किती आहेत?"

"चार. हिरवा, निळा, तांबडा, काळा. सोप्यापासनं अवघड. हिरव्याचं नाव ठकुबाईचा उतार. माझी आई. अंतराला सांभाळायला साताऱ्याहून आली, तवा साठी उलटलेली. म्हणाली, तुमचं हे बर्फ बघू तरी काय असतं. गोणपाट घेतलं, त्यावर मांडी घातली, न आली खाली. नऊवारीत. मधी थांबवायला गेलो तर मला शिव्या."

आत्माराम इतका मोठ्याने हसला की पाच-सहा अरब मुलं वळून पाहायला लागली.

"पण का बांधलंत हो?" हसू ओसरल्यावर त्याने विचारलं. "पेन्शन होती. साताऱ्याला घर होतं. एवढा उपद्व्याप कशाला?"

वासुदेवरावांनी वर जाणाऱ्या रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं. "रस्त्यासाठी," ते म्हणाले.

मग जे सांगितलं ते त्यांनी हळू सांगितलं, आणि आत्माराम पुन्हा हसला नाही.

*

मोगऱ्याच्या कळ्या कडक होऊन टोचत होत्या, तरी अंतराने त्या काढल्या नाहीत. सासूने हातमोजा दातांनी ओढून काढला आणि तिच्या कपाळाला कुंकू लावलं. ओटीत तांदूळ पडले, खण पडला, नारळ पडला. मागे कुणीतरी स्कीवरून कोसळलं आणि हसलं.

"खा," विद्युल्लता म्हणाली.

"काय?"

"बर्फ. हवा होता ना? घे, मनसोक्त घे. हे लोक बघतायत का बघते मी."

वाकता येत नव्हतं म्हणून अंतराने कठड्यावरचा चिमूटभर उचलला आणि जिभेवर ठेवला. पाणी झालं. तिने मान हलवली, छान आहे म्हणाली. सासूचा चेहरा असा उजळला की तिला पुढे काही बोलवेना. आपल्याला नेमकं काय हवं होतं हे तिचं तिलाही नीट कळत नव्हतं. एवढंच कळत होतं, की हे नाही. तिचं सगळं लक्ष कठड्याकडे होतं. तिथे तिचे आबा हातवारे करून बोलत होते, मूठ उघडून दाखवत होते, बर्फात उभे होते. चार दिवस सासरच्या सोफ्याच्या टोकाला अवघडून बसलेला माणूस आता पाय रोवून उभा होता. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. थंडीने, असं तिने प्रसन्नला सांगितलं.

*

जेवण मरीनातल्या फ्लॅटवर होतं. पुरणपोळ्या, वड्या, मसालेभात, सगळं अबुधाबीहून डबे भरून आणलेलं. खाली बोटी उन्हात चमकत होत्या. पहिली पोळी वाढून होते न होते तोच आत्मारामने बॉम्ब टाकला.

"मला वाटतं, अंतराने जावं."

विद्युल्लतेच्या हातातलं तुपाचं भांडं तसंच राहिलं. "काय म्हणालात?"

"अगं, या माणसाने काय केलंय तुला माहीत नाही. अंतराची आई दुसऱ्या बाळंतपणात अडली. खाटेवर घालून गावच्या लोकांनी रस्त्यापर्यंत नेली, तर रस्ता बर्फाने बंद. सरकारी बुलडोझर फक्त फौजेच्या चौकीपर्यंत यायचा, गावाला कोण विचारतो? ती गेली, मूलही गेलं. मग यांनी काय केलं? डोंगरावर रिसॉर्ट उभा केला. पर्यटक आले की साहेब लोक येतात, साहेब आले की बुलडोझर येतो. आता गावातल्या बायका हिवाळ्यातही दवाखान्यात पोचतात. रस्त्यासाठी डोंगर चालवतोय हा माणूस. अशा माहेरी नाही पाठवायची, तर कुठे पाठवायची?"

विद्युल्लता हळूच खाली बसली. लग्नात तिला एवढंच सांगितलं होतं, की आई लहानपणीच गेली. कशाने, ते विचारण्याइतकी जवळीक तेव्हा नव्हती, आणि नंतर राहून गेलं. त्याची तिला आता लाज वाटली. पण भीती लाजेपेक्षा मोठी होती.

"त्याच रस्त्याने?" ती म्हणाली. "त्याच रस्त्याने माझ्या सुनेला न्यायचं?"

"आता उघडा असतो गं."

"तुम्ही गप्प बसा. वासुदेवराव, तुम्ही सांगा. मार्चमध्ये रस्ता उघडा असेल? देवाशपथ?"

वासुदेवरावांनी पोळीचा तुकडा ताटात ठेवला. खोटं बोलणं त्यांना सहज शक्य होतं, आणि तीच घटका होती.

"बहुतेक असतो," ते म्हणाले. "शपथ न्हाई घेता येत. मागल्या साली काही दिवस बंद होता."

"बघा."

"पण मी खुळा न्हाई, विहीणबाई. रूपधारला बाळंतपण करणारच न्हाई. आधीच डेहराडूनला उतरवणार. मोठ्या दवाखान्याशेजारी खोली बघून ठेवलीय. डॉक्टरीणबाईंशी बोललोय. गॅस, भांडी, हीटर, सगळं."

हे मात्र कुणालाच माहीत नव्हतं. विद्युल्लतेचा अर्धा जोर ओसरला. प्रसन्नने जरा मान वर केली. "डेहराडून म्हणजे... ते सेफ आहे, आई. दिल्लीहून मलाही लवकर पोचता येईल."

"म्हणजे ठरलं," आत्माराम म्हणाला. "खलास. वाढ आता."

अंतराने ताट बाजूला सारलं. "तिथे माझ्याजवळ कोण असेल, आबा?"

"जहूरची बायको येणार हाय की. तिची चार बाळंतपणं झाली. तुझी सगळी..."

"तुम्ही?"

"मी येऊन-जाऊन." त्यांनी पाण्याचा पेला उचलला, तसाच ठेवला. "सीझन असतो बाळा मार्च अखेरपर्यंत. लिफ्ट सोडून कसं... सीझन बुडाला की पुढल्या साली बुलडोझरवाले आपलं ऐकणार न्हाईत. पण निरोप आला की मी निघालोच. उतरायला एक दिवस लागतो फक्त."

"रस्ता उघडा असला तर."

"असला तर," ते म्हणाले.

अंतराचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं, असं प्रसन्नला वाटलं.

"माई खाटेवर होती तेव्हा मी तिच्या उशाशी होते," ती म्हणाली. "सहा वर्षांची. तुम्ही खिंडीपलीकडे पोरांना स्की शिकवत होतात. बर्फ उपसणाऱ्या फावड्यांचा आवाज यायचा आणि ती विचारायची, आले का. पुन्हा आवाज आला की पुन्हा विचारायची. आबा, तुम्हाला सगळ्यांनी सांगितलं रस्ता बंद होता, म्हणून तुम्ही रस्ता उघडलात. गावाचं भलं झालं. पण ती रस्त्याची वाट बघत नव्हती."

वासुदेवराव, फौजेतला माणूस, पाठ ताठ ठेवून बसले होते. त्यांनी उगीचच मिशीवरून हात फिरवला. आत्मारामने नजर खिडकीकडे वळवली.

"मला वाटलं, मला बर्फ हवाय," अंतरा म्हणाली. "तीन महिने वाटत होतं. आज तुम्हाला त्यात उभं बघितलं तेव्हा कळलं. मला माझ्या माहेरीच बाळंत व्हायचंय. रीत आहे ती. पण माहेर म्हणजे डोंगर नाही, डेहराडूनची खोली नाही, जहूरचाचाची बायकोही नाही. तुम्ही आहात. तुम्ही थांबा इथे. मूल होईपर्यंत आणि त्याला न्हाऊ-माखू घालेपर्यंत."

"इथं? लेकीच्या सासरी?" ते अगदी हळू म्हणाले. "लोक काय म्हणतील? बाप महिनोन्महिने मुलीच्या दारात जेवतोय."

हा प्रश्न खरं तर विद्युल्लतेला होता, आणि सगळ्यांनी तिच्याकडेच पाहिलं. ती जिंकली होती. सून इथेच राहणार होती. पण जिंकल्याचा आनंद तिला शोधून सापडेना. या घरात रीत काय ते तिनेच ठरवायचं, असं इतकी वर्षं चालत आलेलं होतं. नात आली की नातू आला हे सर्वांत आधी आपणच बघू, पहिलं न्हाणं आपणच घालू, असं तिने मनात केव्हाच मांडून ठेवलेलं होतं. ते सोडणं सोपं नव्हतं. तिने तुपाचं भांडं उचललं आणि व्याह्यांच्या पोळीवर तूप ओतलं, जरा जास्तच.

"मागची खोली तुमची," ती म्हणाली. "ती आमची नाही धरायची. तिथे बाळंतपण तुमचं. मी पाहुणी म्हणून येईन, दार वाजवून. डिंक, खारीक सगळं आणून ठेवलंय मी, पण लाडू माहेरचेच हवेत. वळता येतात का?"

"शिकीन."

"पाक बिघडला तर मी काही बोलणार नाही, असं मात्र समजू नका."

"आई," प्रसन्न म्हणाला. या वेळी त्याने फोन काढला नाही. उठून सासऱ्यांच्या ताटात वडी वाढली, अंतराच्या खुर्चीमागे जाऊन उभा राहिला.

वासुदेवराव जेवले नाहीत लगेच. घरच्या फोनवरून एक कॉल करू का, म्हणून त्यांनी विचारलं, आणि उत्तराची वाट न पाहता उभे राहूनच नंबर लावला. पलीकडे जहूरने उचलला असावा. ठकुबाईला शेवटपर्यंत हिंदी आली नव्हती, त्यामुळे रूपधारच्या मेकॅनिकला मराठी यायची.

"बर्फ पडतोय का? बरं. ऐक. लिफ्ट तू बघ. पैलं काळा उतार बंद कर, तुला एकट्याला झेपायचा न्हाई. बुलडोझरच्या साहेबाकडं तूच जा, रोज जा, चहा पाज." थोडा वेळ ते ऐकत राहिले. पलीकडून काहीतरी जोरजोरात विचारलं जात होतं. "न्हाई. परवा न्हाई. या सीझनला न्हाईच." त्यांनी पाठ वळवली, पण आवाज सगळ्यांना ऐकू आला. "मला जमणार न्हाई, जहूर. लेकीचं बाळंतपण माझ्याकडं हाय."